खटका

मराठी मध्यमवर्गीय माणसाने बंदूक फारशी बाळगली नाही. पण बंदुकीची भाषा मात्र तो जन्मभर बाळगून असतो. मुलीचे लग्न ठरले की वडील म्हणतात, 'चला, यंदा मार्गशीर्षात बार उडवून टाकू.' गाजावाजा झालेल्या वक्त्याचे भाषण पडले की आपण त्याला 'फुसका बार' म्हणून मोकळे होतो. वार्ताहर मंत्र्यांवर प्रश्नांची सरबत्ती करतात, आणि मंत्रिमहाशय उत्तर देताना हळूच दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात. धाकट्या चिरंजीवांचा खर्च हाताबाहेर जाऊ लागला की त्यांना चाप लावावा लागतो. आणि दिवाळीच्या फराळात चकलीचे मोहन जास्त झाले की कमी, यावरून दोन जावांमध्ये जे काही उडते, त्याला खटका म्हणतात.

यांतल्या शेवटच्या दोन शब्दांची गंमत आज सांगायची आहे. चाप म्हणजे बंदुकीचा तो वाकडा दांडा, जो बोटाने ओढला की गोळी सुटते. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, आणि मराठीत चापणे म्हणजे दाबणे. बंदुकीचा चाप यांतल्या कोणत्या धाग्याने आला, याचा वाद विद्वानांनी घालावा. मौज अशी की, ज्या शब्दाने गोळी सुटते, त्याच शब्दाने आपण उधळपट्टी थांबवतो. 'चाप ओढला' म्हणजे गेले. 'चाप लावला' म्हणजे थांबले! खटक्याचेही तसेच आहे. भाषेत तो उडतो, आणि यंत्रात तो बहुधा काहीतरी धरून ठेवण्यासाठी असतो. दाराचा खटका, पेटीचा खटका, छत्रीचा खटका. धरून ठेवणे हे त्याचे काम आणि दाबल्यावर सोडणे हा त्याचा धर्म.

सणासुदीच्या अंकात हा बंदुकीचा विषय कुठून काढला, असे वाचक विचारतील. त्याला कारण एक पत्र. माझा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला आहे. कॉलेजात असताना तो एन.सी.सी.त होता, आणि व्याकरणाच्या तासापेक्षा परेडवर अधिक वेळेवर हजर असे. तिकडे रविवारच्या विरंगुळ्याला त्याने .22ची एक रायफल घेतली आहे. रूजर कंपनीची ही 'टेन ट्वेंटी-टू' 1964 साली बाजारात आली, आणि तेव्हापासून तिच्या लाखो प्रती खपल्या. आपल्याकडे स्कूटरवाला जसा कंपनीच्या आरशावर समाधान न मानता बाजारातून दुसरा आणून बसवतो, तसे तिकडे लोक या रायफलीचे जवळजवळ सगळेच भाग बदलतात. आमच्या विद्यार्थ्यानेही एक बोटभर पोलादी पट्टी विकत आणली आणि अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने बसवली. 'सर,' तो लिहितो, 'इथे याला बोल्ट रिलीज म्हणतात. आता काम इतके सोपे झाले आहे की विचारू नका. पण याला मराठीत काय म्हणायचे?'

मराठीच्या मास्तरला असा प्रश्न कोणी विचारला की त्याची दिवाळी दसऱ्यालाच सुरू होते. परंतु नाव ठेवायचे तर आधी वस्तू समजून घ्यायला हवी.

रायफलीच्या नळीला मागच्या बाजूला एक दार असते. काडतूस आत गेले की हे दार बंद व्हायला हवे, नाहीतर बार पुढे जायचा तो मागे, झाडणाऱ्याच्या तोंडावर येईल. हे दार म्हणजेच बोल्ट. जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला आतून एक जाड लाकडी दांडा भिंतीतून सरकवीत, त्याला आपण अडसर म्हणतो. बोल्टला याहून चांगला मराठी शब्द मला सुचत नाही. जुन्या रायफलीत हा अडसर प्रत्येक गोळीनंतर हाताने वर उचलून मागे ओढावा लागे. मग रिकामे काडतूस बाहेर पडे. पुन्हा पुढे लोटला की नवे काडतूस आत जाई.

अर्धस्वयंचलित रायफलीत हे कष्ट रायफल स्वतःच करते. गोळी सुटताना जो जोर निर्माण होतो, त्यातला थोडा वाटा अडसर मागे ढकलण्याच्या कामी लावलेला असतो. लहान .22च्या रायफलीत काडतुसाच्या मागे बसणाऱ्या धक्क्यानेच ते काम होते. फौजी रायफलीत बहुधा नळीतला थोडा वायू एका बारीक छिद्रातून घेऊन दट्ट्यावर सोडतात. अडसर मागे जातो, रिकामे टरफल फेकतो, मागची स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे आणते, येता येता तो नवे काडतूस उचलतो आणि दार लावून घेतो. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सारे होते. माणसाने फक्त प्रत्येक गोळीला एकदा चाप ओढायचा. म्हणून ती 'अर्ध' स्वयंचलित. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, ती पूर्ण.

आता खटक्याचे काम. कधी कधी हे दार उघडेच ठेवायचे असते: साफसफाईसाठी, रायफल दुसऱ्याच्या हाती देताना, किंवा आत काडतूस नाही हे दाखवण्यासाठी. त्या वेळी अडसर मागे ओढून एका खटक्यावर अडकवून ठेवतात. पुढे तो सोडायचा, तर खटका मोकळा करायचा. आमच्या विद्यार्थ्याच्या रायफलीत कंपनीने बसवलेला खटका जरा हट्टी होता. एका हाताने अडसर किंचित मागे ओढून धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टी दाबायची, आणि दोन्हींची वेळ जमली तर दार सुटायचे. नव्या पट्टीने हा द्राविडी प्राणायाम संपला. आता अडसर नुसता मागे ओढून सोडला की दार खाडकन बंद. हाच तो बोल्ट रिलीज. मी त्याला कळवले, 'अरे, त्याला अडसराचा खटका म्हण. शब्द लांब वाटला तर नुसता खटका म्हण. तुझ्या आजीलाही कळेल.'

नाव ठेवून झाले, पण विषय काही डोक्यातून जाईना. कारण विद्यार्थ्याला त्या खटक्याचे सोडणे आवडले होते, आणि मला त्याचे धरणे महत्त्वाचे वाटत होते.

साधी गोष्ट पाहा. अमेरिकन सैन्याच्या एम-सिक्स्टीन जातीच्या रायफलीत शेवटची गोळी सुटली की रिकाम्या पेटीतली पट्टी वर येऊन खटका उचलते, आणि अडसर मागेच अडकून राहतो. रायफल जणू तोंड उघडून सांगते, 'बाबा रे, माझ्याजवळ आता काही नाही.' दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या हाती जी गारँड रायफल होती, ती तर आठ गोळ्या संपल्या की काडतुसांची क्लिप 'टिंग' असा आवाज करून बाहेर फेकी आणि दार उघडे ठेवी. (नवी क्लिप भरताना ते दार अंगठ्यावर आपटे, 'गारँडचा अंगठा' हा त्या सैनिकांत नेहमीचा विनोद होता.) उलट रशियन कलाश्निकोव्ह शेवटच्या गोळीनंतर दार लावून घेते. भरलेली आणि रिकामी, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. आमच्या विद्यार्थ्याची .22 सुद्धा याच वळणाची. शेवटची गोळी गेली तरी दार आपोआप उघडे राहत नाही. ते मुद्दाम ओढून खटक्यावर अडकवावे लागते. म्हणजे खटका सुटायला कितीही सोपा केला, तरी रायफल रिकामी आहे हे कळण्याचा मार्ग एकच उरतो. दार उघडायचे आणि आत पाहायचे.

'रिकामीच आहे' या दोन शब्दांनी जेवढे घात केले असतील, तेवढे 'भरलेली आहे' या शब्दांनी खचितच केले नसतील. भरलेल्या बंदुकीला माणूस जपतो. ती रिकामी आहे असे वाटले, की मग थट्टा सुरू होते, नेम धरून दाखवणे सुरू होते, पोरांच्या हातात देणे सुरू होते. आणि मग जे व्हायचे ते होते.

आता आमच्या गोंदियाकडे वळू. वाचक म्हणतील, अमेरिकेतल्या पट्टीचा आणि धानाच्या कोठाराचा संबंध काय? संबंध आहे. बंदुकीचे दार कसकसे बदलत गेले, हे एखाद्या संग्रहालयात ओळीने मांडून ठेवावे, तसे आमच्या जिल्ह्यात पाहायला मिळते.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन गोंदिया जिल्हा झाला. तलाव, धान आणि रान ही आमची तीन दैवते. इकडे नवेगाव, तिकडे नागझिरा. 2013 पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. रान असे धानाला खेटून असले म्हणजे दिवाळीच्या सुमारास, लोंब्या भरल्या की, रानडुकरे बांधीत उतरतात आणि एका रात्रीत चार महिन्यांचे श्रम तुडवून जातात. त्यांच्यासाठी जुन्या शेतकऱ्याच्या घरी जी बंदूक असे, तिला आमच्या भागात भरमार म्हणतात. कोकणात तिलाच ठासणीची म्हणतात. नावातच सगळी कृती आली: भरा आणि मारा.

भरमारीला मागून दार नाही. दारू, चिंध्या, छर्रे, सगळे पुढच्या तोंडातून टाकायचे आणि लोखंडी गजाने ठासायचे. दार नाही म्हणजे उघडून पाहण्याची सोय नाही. मग ती भरलेली आहे की नाही, हे कसे ओळखायचे? त्याची जुनी युक्ती त्या गजातच आहे. गज नळीत तळापर्यंत सोडायचा आणि किती बाहेर राहतो ते पाहायचे. रिकाम्या नळीत तो जेवढा आत जातो, तेवढीच खूण त्याच्यावर केलेली असते. खूण बाहेर राहिली तर खाली दारू ठासलेली आहे, सांभाळा! यंत्राने खटका दिला नाही, तर शहाण्या माणसाने गजावर खूण करून घेतली. शेकडो वर्षांपूर्वीची बंदूक असो की कालची, प्रश्न एकच: आत काय आहे?

मौजेची गोष्ट अशी की, आपल्या कायद्यानेही या भरमारीला वेगळी जागा दिली आहे. 1959चा शस्त्र अधिनियम परवाना कुणाला द्यायचा हे सांगताना, खरोखरीच्या पीकरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख करतो. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना बांधावरचा शेतकरी आठवला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण इथे एक गैरसमज पुष्कळांचा होतो. परवाना बंदुकीचा असला म्हणून तो शिकारीचा नसतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद केली. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठीदेखील त्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

भरमारीनंतरची पायरी म्हणजे मालगुजाराची दुनळी. 1951 साली मालगुजारी संपली. तिची आठवण आता 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव या सरकारी नावात तेवढी उरली आहे. पण वाड्यातल्या भिंतीवर बारशिंग्याच्या शिंगाखाली टांगलेली ती दोन नळ्यांची बंदूक पुष्कळांनी पाहिली असेल. हिला मध्ये बिजागरी. खटका सरकवला की बंदूक कमरेत मोडते आणि दोन्ही नळ्यांची मागची तोंडे आकाशाकडे बघू लागतात. आरपार उजेड दिसला की रिकामी. जाणता शिकारी कुंपण ओलांडताना, बैलगाडीत बसताना, घराच्या उंबरठ्यावर पाय ठेवताना बंदूक मोडूनच धरी. त्या मोडलेल्या बंदुकीत एक सभ्यता होती. आपल्याजवळ शस्त्र आहे, पण या क्षणी ते कुणावर नाही, हे न बोलता सांगण्याची ती रीत होती.

पुढे शिकारीचे दिवस गेले. ज्या रानात लोक बंदूक घेऊन जात, तिथे ते दुर्बीण घेऊन जाऊ लागले. व्यंकटेश माडगूळकरांसारखा एके काळचा शिकारी नागझिऱ्याला आला तो पाहायला आणि लिहायला, आणि त्यातून 'नागझिरा' हे पुस्तक झाले. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांधावरचे पाखरू न् पाखरू मराठी वाचकाच्या ओळखीचे करून दिले. आज आमच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी घरटे करते, तेव्हा कितीतरी शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतात, पाखरांना राखतात. भरमार ज्या बांधावर उभी असे, त्याच बांधावर हा बदल झाला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

तिसरी पायरी एन.सी.सी.ची. 1962च्या चीनयुद्धात आपल्या जवानांच्या हाती प्रामुख्याने .303ची जुनी रायफल होती. तिचा अडसर प्रत्येक गोळीला हाताने ओढावा लागे. त्या युद्धाचा धक्का एवढा बसला की 1963 साली कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली, ती सक्ती 1968 साली उठली. त्या पाच वर्षांत कॉलेजात गेलेले आज ऐंशीच्या घरातले जे आजोबा तुमच्या घरी असतील, त्यांना 'जाँच शस्त्र' हा हुकूम विचारून पाहा. पाठीचा कणा क्षणभर ताठ होईल. या हुकमावर रांगेतला प्रत्येक जण अडसर उघडतो, आणि अधिकारी एकामागून एक आत डोकावून पाहतो. काही झाडले नसले तरी डोकावतो. काल पाहिले असले तरी आज पाहतो. तरुणपणी त्या हुकमाचा कंटाळा येतो. पण माझे प्रामाणिक मत असे आहे की, नेमबाजीचा एवढा एकच धडा सगळ्या नागरिकांनी शिकावा. विश्वास ठेवण्यापूर्वी दार उघडून बघणे!

त्याच युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारी अर्धस्वयंचलित रायफल आपल्या सैन्यात आली. मूळ बेल्जियमची, वीस गोळ्यांची पेटी, 7.62 मिलिमीटरचे काडतूस. तिचे लष्करी नाव एस.एल.आर. म्हणजे स्वतःच भरणारी रायफल. भरमार ते एस.एल.आर., म्हणजे 'भरा आणि मारा' पासून 'तीच भरते, तुम्ही मारा' इथपर्यंत! पुढे इन्सास आली, आणि जुन्या एस.एल.आर. पुष्कळशा पोलीस दलांकडे गेल्या. आमच्याकडच्या वर्तमानपत्रांच्या वाचकाला ही अक्षरे फार दुःखाच्या मार्गाने पाठ झाली. सालेकसा-देवरीच्या आणि शेजारच्या गडचिरोलीच्या रानातून नक्षलवाद्यांकडून हस्तगत झालेल्या शस्त्रांच्या याद्या वर्षानुवर्षे छापून येत, त्यांत भरमार,.303, एस.एल.आर. आणि इन्सास एकाच ओळीत बसलेल्या असत. मघाशी संग्रहालय म्हटले ते याच अर्थाने. फक्त या संग्रहालयाचे तिकीट आमच्या गावांनी फार महाग मोजले.

म्हणून विद्यार्थ्याच्या त्या बोटभर पट्टीकडे पाहताना इकडचा आणि तिकडचा कायदा शेजारी ठेवावासा वाटतो. तिकडे ती पट्टी टपालाने घरी येते. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रायफल ही सहसा फौजेची आणि पोलिसांची गोष्ट. सामान्य नागरिकाला ती परवान्यावर सहजी मिळत नाही. एवढेच नव्हे, 1959च्या अधिनियमात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. म्हणजे खटका हादेखील कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच! बंदूक बनवणे, विकणे, तिच्यात फेरफार करणे, इतकेच काय, ती दुरुस्त करणे, या सगळ्याला स्वतंत्र परवाना लागतो. 'जरा खटका घट्ट झाला आहे, कोपऱ्यावरच्या लोहाराकडून घासून घेतो,' हे आपल्याकडे चालत नाही. काहींना हा जाच वाटेल. पण विचार करा. सायकलीचा ब्रेक चुकीचा बसला तर पडणारा बहुधा आपणच असतो. बंदुकीचा खटका चुकीचा बसला, आणि जे धरायचे ते त्याने धरले नाही, तर पडणारा समोरचा असतो, आणि त्याला कुणी विचारलेले नसते.

खटका सोपा करण्यात काही पाप आहे, असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्याच्या रायफलीचा जुना खटका खरोखर त्रासदायक असेल. बोटे दुखत असतील. यंत्र माणसाच्या हाताला बसावे, हे योग्यच आहे. माझे म्हणणे इतकेच, की सोडणे जितके सोपे होत जाते, तितके पाहणे आपल्याकडे येते. पूर्वी दोन हातांची वेळ जमवताना क्षणभर जो थांबा मिळे, तो आता माणसाने स्वतः घ्यायचा. विद्यार्थ्याने उलट टपाली कळवले की, त्यांच्या नेमबाजीच्या मैदानावर थांबण्याचा इशारा झाला की सर्वांनी दार उघडून, मागे अडकवून, रायफल टेबलावर ठेवायची आणि हात काढून घ्यायचे. तोपर्यंत कुणी लक्ष्याजवळ पाऊल टाकीत नाही. वाचून बरे वाटले. म्हणजे तिथेही अखेर खटक्याच्या धरण्यालाच मान आहे.

आणि ज्यांना वेगाची हौस आहे, त्यांनी आपल्या कोल्हापूरकडे पाहावे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे पन्नास मीटर पालथ्या नेमबाजीत विश्वविजेती झाली होती. या स्पर्धांतली रायफल .22चीच, पण तिला गोळ्यांची पेटी नाही आणि आपोआप काही घडत नाही. एक काडतूस हाताने ठेवायचे, अडसर हाताने लावायचा, श्वास धरायचा, झाडायचे. पुन्हा दार उघडायचे. प्राथमिक फेरीत साठ वेळा हेच: वीस गुडघ्यावर, वीस पालथे पडून, वीस उभे राहून. जगातला उत्तम नेमबाज आजही दर गोळीला स्वतःच्या हाताने दार उघडतो आणि लावतो. आणि नेमबाजी चालू नसेल तेव्हा रायफलीच्या नळीत भडक रंगाची एक दोरी किंवा पट्टी घालून ठेवण्याचा नियमच आहे. तिला सुरक्षेची निशाणी म्हणतात. ती निशाणी दुरूनही सांगते, आत काही नाही. आमच्या शेतकऱ्याच्या गजावरची खूण आणि ऑलिंपिकमधली ही निशाणी, दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

आता घरापुरते बोलू. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नसेल, आणि नाही तेच बरे. पण विदर्भातल्या काही घरी आजोबांची दुनळी अजून असेल. आजोबा गेले, वडील नागपूरला आले, मुले पुण्याला गेली, आणि बंदूक गावच्या वाड्यात कपाटामागे उभी आहे. दिवाळीच्या आवराआवरीत तांब्या-पितळेची भांडी निघतात, जुने फोटो निघतात, तशी एखादे वर्षी ती निघते. आणि कुणीतरी हौशी भाचा ती खांद्याला लावून म्हणतो, 'मामा, फोटो काढ! रिकामीच आहे.'

अशा घरांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. त्या कायद्याच्याच आहेत. बंदूक वारशाने मिळते, परवाना वारशाने मिळत नाही. परवानाधारक गेल्यावर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो; 2016च्या शस्त्र नियमांनी तशी तरतूद केली आहे. परवानाधारक हयात असला, पण सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षे त्याच्याजवळ असली, तरीही वारसाला अर्ज करता येतो. 2019च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. परवाना संपला असेल, किंवा कुणाच्याच नावाने नसेल, तर ती बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा केली म्हणजे आजोबांची आठवण सरकारजमा झाली, असे नव्हे. वारसाला रीतसर परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाहीतर विकताही येते. पण कपाटामागे, बिनपरवान्याची, 'रिकामीच' म्हणून उभी असलेली बंदूक म्हणजे आठवण नव्हे, जोखीम आहे.

तेव्हा यंदा घर आवरताना तसे काही हाती लागले, तर मुलांना आधी खोलीबाहेर काढा, नळीचे तोंड कुणाकडे होणार नाही असे पाहा, आणि ती मोडून किंवा उघडून बघण्याचे काम जाणत्या माणसावर सोपवा. भरमार असेल तर तिला हातही न लावता ठाण्यावर कळवा. तिच्यात पन्नास वर्षांपूर्वीची दारू ठासलेली असू शकते, आणि दारूला वय कळत नाही. परवान्याची वही शोधा, तिच्यावरची तारीख वाचा.

आणि ज्यांच्या घरी टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे काही नाही, त्यांनी निदान तेवढ्यापुरता चाप लावावा. पिस्तूल खेळण्यातले असले तरी कुणाच्या तोंडावर रोखायचे नाही, आणि त्याच्या नळीत डोळा घालून बघायचे नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे एकदा सांगून कळत नाही, दहादा सांगावे लागते. अकराव्या वेळी बापलेकांत खटका उडाला तर उडू द्यावा. तेवढा एक खटका उडालेला बरा.